एका मीटरमध्ये आठ जनुकं: लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा नकाशा वाचताना

जुलैत पावसाची झड लागली की पुण्यात गुलमोहर पडायला लागतात. आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवंगार दिसणारं झाड सकाळी रस्त्यावर आडवं असतं आणि महापालिकेची माणसं करवत घेऊन त्याचे तुकडे पाडत असतात. अशाच एका झाडाच्या बुंध्याचा तुकडा आमची एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी पिशवीत घालून प्रयोगशाळेत घेऊन आली. साल शाबूत होती. आतला गाभा मात्र पांढुरका, ओलसर, हाताला स्पंजासारखा लागणारा. नखाने ओढलं की धागे सुटत होते.

"मॅडम, हे लाकूड कुजलंय की कुणी धुऊन काढलंय?" तिने विचारलं.

प्रश्न नेमका होता. लाकडाच्या वजनात २० ते ३० टक्के वाटा लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा असतो. लाकडातलं दुसरं द्रव्य, सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या कड्यांची सरळ साखळी. एकाच प्रकारची जोडणी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ती कापणारं विकरही (एन्झाइम) एका ठरावीक घाटाचं असलं की भागतं. लिग्निनला असा घाट नाही. त्याची वलयं एकमेकांना नाना तऱ्हांनी जोडलेली असतात आणि एक टोक धरून उसवत जावं अशी सोय त्यात नसते. म्हणून पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या लिग्निन कापत बसत नाहीत, जाळतात. त्यांची पेरॉक्सिडेज विकरं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून लिग्निनच्या वलयातला एक इलेक्ट्रॉन खेचून काढतात. अस्थिर झालेलं वलय मग आपले बंध आपणच तोडत जातं. लिग्निन निघून गेलं की फिक्या रंगाचं सेल्युलोज उरतं. तिच्या हातात होतं ते हेच, धुतल्यासारखं लाकूड.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी पुरी पडले नाही. "एवढी हत्यारं ही बुरशी ठेवते कुठे? एकाच कपाटात, की घरभर?" त्यातून तिचा प्रकल्प उभा राहिला, आणि त्या प्रकल्पात पुढे जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. शिकवणाऱ्यांच्या हातून होणारी एक जुनी चूक त्यात आहे, आणि ती माझ्याही हातून झाली.

प्रकल्प काय होता

गुलमोहरातल्या बुरशीची ओळख पटवून तिचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचून घ्यायला आमच्याकडे ना पैसा होता ना वेळ. हातात चार महिने, एक संगणक आणि इंटरनेट. म्हणून जिच्यावर सगळ्यात जास्त काम झालेलं आहे तिच्याकडे वळायचं ठरलं: फॅनरोकीट क्रायसोस्पोरियम. लाकडाच्या चिपांच्या ढिगात, जिथे आतून ऊब धरते, तिथे ही बुरशी सुखाने वाढते. तिला मानवणारं तापमान ४० अंशांच्या आसपास, म्हणजे पुण्यातला एप्रिल तिला छान सोसला असता. लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर १९८३ साली दोन अमेरिकी गटांना स्वतंत्रपणे सापडलं ते याच बुरशीत. २००४ साली तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, २ कोटी ९९ लाख बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षर-जोड्यांचा. भूछत्रं आणि झाडांच्या खोडांवर उगवणाऱ्या कडक छत्र्या ज्या बेसिडिओमायसीट गटात मोडतात, त्या गटातला वाचला गेलेला हा पहिला जीनोम.

या बुरशीत लिग्निन पेरॉक्सिडेजची दहा जनुकं आहेत. त्यांची नावं लिप-ए पासून लिप-जे पर्यंत. दहांपैकी आठ जनुकं जीनोमच्या एकाच भागात, साधारण १ लाख बेस-जोड्यांच्या पट्ट्यात एकमेकांजवळ बसलेली आहेत. फक्त लिप-डी आणि लिप-एफ दुसरीकडे.

तिने हे वाचलं आणि आराखड्यात लिहिलं: 'लिग्निन विघटनाची जनुकं बुरशीने एकत्र ठेवलेली आहेत, कारण ती एकत्र काम करतात.' शीर्षकातही 'सहकारी पुंजका' असे शब्द होते. मी तो आराखडा वाचला, आवडला आणि सही केली. त्या वाक्यातल्या 'कारण' या शब्दापाशी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

तिला असं का वाटलं हे समजायला अवघड नाही. बी.एस्सी.ला आपण सगळेच लॅक ओपेरॉन शिकतो. ई. कोलाय या जीवाणूत दुधातली साखर वापरण्याची तीन जनुकं एका ओळीत, एकाच दिशेने, एकाच कळीवर चालणारी. १९६१ साली जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडलेलं ते चित्र इतकं देखणं आहे की एकदा डोळ्यांत भरलं की निघत नाही. जीवाणूंचं उदाहरण बुरशीला लागू नाही म्हणावं, तर बुरशीतही तसे पुंजके आहेत, आणि त्यातला सगळ्यात प्रसिद्ध पुंजका पुणेकरांच्या तर शेजारचा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलियम बुरशीत पेनिसिलिन घडवणारी तीन मुख्य जनुकं खरोखरच शेजारी-शेजारी असतात. पहिलं जनुक तीन अमिनो आम्लं जोडणारं विकर देतं, दुसऱ्याचं विकर त्या जोडणीला वलयाचा आकार देतं आणि तिसऱ्याचं विकर वलयाची एक बाजू बदलून औषध पुरं करतं. एका कामाच्या तीन पायऱ्या, आणि तिन्ही एका रांगेत.

हे सगळं माहीत असणाऱ्या मुलीने आठ लिप जनुकं एकत्र पाहून 'सहकार' म्हटलं तर त्यात नवल नाही.

भिंतीवरची पट्टी

संगणकाच्या पडद्यावर जनुकं पाहून अंतराचा अंदाज येत नाही. मोठं करावं तेवढं मोठं, लहान करावं तेवढं लहान दिसतं. म्हणून मी तिला आलेखाचा कागद आणायला सांगितला. १००० बेस-जोड्या म्हणजे १ सेंटिमीटर. या मापाने आठ जनुकांचा तो भाग बरोबर एक मीटर भरला. पूर्ण जीनोम याच मापाने काढला असता तर पट्टी ३०० मीटर लांब झाली असती. प्रयोगशाळेतल्या मामांनी भिंतीवर दोरी ताणून दिली आणि तिने कागदाचे तुकडे जोडून पट्टी चिकटवली. एकेक लिप जनुक जेमतेम दीड सेंटिमीटरची चौकट.

या कामाला आठवडा जाईल असं वाटलं होतं. तीन आठवडे गेले. जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे संगणकाने ठरवलेलं असतं, आणि संगणक चुकतो. लिप जनुकांत मध्ये मध्ये आठ-नऊ छोटे इंट्रॉन असतात, एकेक बहुधा पन्नास-साठ बेसांचा. म्हणजे प्रथिन बनवताना गाळून टाकायचे तुकडे. इतके छोटे तुकडे आपोआप ओळखताना संगणकाची गफलत होते. जीनोमच्या पहिल्या आवृत्तीत जनुकांचा अंदाज ११,७७७ होता, दोन वर्षांनी सुधारलेल्या आवृत्तीत १०,०४८ झाला. बुरशी तीच, तिचा डीएनए तोच, बदलली ती आपली मोजण्याची रीत. विद्यार्थ्यांनी हा आकडा देताना आवृत्ती लिहायला हवी हा माझा आग्रह तेव्हापासूनचा. तिने प्रत्येक लिप जनुकाचे इंट्रॉन प्रथिनाच्या क्रमाशी ताडून हाताने तपासले. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय पुढचा एकही निष्कर्ष उभा राहत नाही.

मग तिने बाण काढायला घेतले. प्रत्येक जनुक कुठल्या दिशेने वाचलं जातं ते दाखवणारा बाण. इथे पहिली खोट दिसली. ओपेरॉनमध्ये बाण सगळे एकाच दिशेला असतात, असावेच लागतात, कारण वाचन एका टोकाला सुरू होऊन सलग पुढे जातं. भिंतीवरच्या पट्टीवर तसं नव्हतं. लिप-ए आणि लिप-बी ही तर अगदी खेटून बसलेली जनुकं, पण त्यांचे बाण समोरासमोर येऊन भिडत होते. दोघांची शेवटची टोकं एकमेकांकडे. म्हणजे दोघांच्या कळा दोन वेगळ्या बाजूंना. एक कळ दाबून दोन्ही चालू होतील अशी ही रचनाच नव्हे.

"पेनिसिलिनच्या पुंजक्यातसुद्धा प्रत्येक जनुकाची कळ वेगळी असते ना, मॅडम," ती म्हणाली. खरं होतं ते. बुरश्यांत ओपेरॉन नसला तरी शेजारची जनुकं एकाच वेळी जागी होऊ शकतात. डीएनएचा तो सगळा पट्टाच सैल झाला, उघडला, तर त्यातली सगळी जनुकं एकदम वाचली जाऊ शकतात. म्हणजे फक्त बाणांवरून तिचं म्हणणं मोडत नव्हतं. पुरावा हवा होता तो जनुकांच्या बोलण्याचा: कुठलं जनुक कधी आणि किती प्रमाणात वाचलं जातं याचा.

शेजारी एका सुरात बोलत नाहीत

हे मोजमाप आम्हाला करावं लागलं नाही. अमेरिकेच्या वनखात्याची विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला एक प्रयोगशाळा आहे, फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी. तिथे डॅन कलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात, जीनोम वाचला जाण्याच्या कितीतरी आधी, लिप जनुकांचा एकेक करून हिशोब लावला होता. काम किचकट होतं, कारण ही दहाही जनुकं एकमेकांसारखी दिसतात. एकाचा शोध घ्यायला टाकलेली खूण दुसऱ्यालाही चिकटते. म्हणून त्यांनी प्रत्येक जनुकाला वेगळं ओळखणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे शोधक तुकडे, तयार करून प्रत्येकाचा आरएनए स्वतंत्र मोजला.

बुरशी ही विकरं पोट भरलेलं असताना बनवत नाही. नायट्रोजन संपला किंवा साखर संपली, उपासमार सुरू झाली, की लिप जनुकं जागी होतात. हे लाकडाच्या दृष्टीने योग्यच आहे, लाकडात नायट्रोजन नावापुरताच असतो. पण कोणत्या जनुकाचा आवाज किती मोठा, ते उपासमार कशाची आहे त्यावर अवलंबून. नायट्रोजनची टंचाई असेल तर एक चित्र, साखरेची असेल तर वेगळं. चंबूतल्या पाण्यातलं चित्र वेगळं आणि खऱ्या लाकडाच्या चिपांवरचं वेगळं. आणि या सगळ्या चित्रांत, पट्टीवर शेजारी असलेल्या जनुकांच्या पातळीत प्रचंड तफावत. कुणी शेजारी भरभरून वाचला जातोय, तर कुणी जवळपास गप्प. जनुकाची जागा आणि त्याचं वाचन यांत स्पष्ट नातं दिसत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलेलं.

पट्टीबाहेर असलेलं लिप-डी इथे महत्त्वाचं ठरतं. पुंजक्यापासून दूर, एकट्याने राहणारं हे जनुक ज्या विकराचं आहे ते, एच-२ नावाचं, या बुरशीच्या द्रावणातून प्रयोगशाळांना नेहमी हाती लागणाऱ्या लिग्निन पेरॉक्सिडेजांपैकी एक. पुंजक्यातल्या लिप-ए चं विकर एच-८, तेही असंच नेहमीचं. म्हणजे पुंजक्यात असल्याने जनुक कामाचं होतं असं नाही, आणि बाहेर असल्याने निरुपयोगी होतं असंही नाही.

हे निबंध तिने एका शनिवारी वाचले आणि सोमवारी मला भेटायला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "मॅडम, माझं शीर्षकच खोटं आहे."

मूळ पेच हा. आराखडा मंजूर झालेला, दोन महिने गेलेले, सादरीकरणाची तारीख लागलेली. विभागात दोन मतं होती. एक मत असं की शीर्षक तसंच ठेवावं, विरोधी पुरावा चर्चेच्या भागात दोन परिच्छेदांत नोंदवावा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाकडून यापेक्षा जास्त कोण मागतो? दुसरं मत असं की फक्त नकाशा सादर करावा, 'का' या प्रश्नाला हातच लावू नये. दोन्हींत कागदपत्रांची सोय होती. मला दोन्ही पटली नाहीत. पहिल्यात मुलगी आपल्याला खोटं वाटणारं वाक्य स्वतःच्या नावाने छापणार होती. दुसऱ्यात तिने मुळात विचारलेला चांगला प्रश्न गिळून टाकायचा होता. त्यापेक्षा प्रश्न उलटा करावा असं मी सुचवलं: एकत्र काम करत नाहीत, तर मग ती एकत्र का आहेत? शीर्षक बदलण्याचा अर्ज दिला. त्या अर्जात मूळ आराखड्यावर सही करताना मी काय पाहिलं नव्हतं तेही लिहिलं.

बांधणीतला चुकलेला फर्मा

उत्तराची किल्ली पट्टीवरच होती. फक्त आम्ही दोघी बाणांकडे पाहत होतो, चौकटींच्या आत काय लिहिलं आहे त्याकडे नाही.

पेनिसिलिनच्या पुंजक्यात तीन वेगवेगळी विकरं आहेत, एका कामाच्या तीन पायऱ्या. इथे आठही चौकटींत एकच विकर आहे, थोड्याफार फरकाने. लिग्निन पेरॉक्सिडेज, आणि पुन्हा लिग्निन पेरॉक्सिडेज. सुतार, गवंडी आणि रंगारी एका घरात राहत असतील तर ते मिळून घरं बांधत असतील असं मानायला जागा आहे. एका घरात आठ सुतार राहत असतील तर आधी मनात येतं ते हे की ही भावंडं असावीत. वेगळ्या पायऱ्या एकत्र आणि एकाच पायरीच्या प्रती एकत्र, या दोन पुंजक्यांना आपण एकच शब्द वापरतो. माझ्या मते सगळा घोळ त्या शब्दातून होतो.

प्रती एकमेकांशेजारी कशा येतात ते तिला समजावताना मला अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्ल्यांमधल्या बांधणीवाल्यांची आठवण झाली. पुस्तक छापून आलं की सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमाने लावून शिवतात. कधी एखाद्या प्रतीत एकच फर्मा दोनदा शिवला जातो आणि दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीत तो नसतोच. चूक एकच, पण तिच्यातून दोन चुकीच्या प्रती तयार होतात. पेशीविभाजनात गुणसूत्रांची जोडी समोरासमोर येऊन आपसांत तुकड्यांची अदलाबदल करते तेव्हाही हे घडतं. सरळ जुळणी झाली तर देवाणघेवाण बरोबरीची होते. पण दोन्हीकडे सारखा दिसणारा मजकूर असेल तर जुळणी एक घर सरकते, आणि एका गुणसूत्राला ते जनुक दोनदा मिळतं, दुसऱ्याला एकदाही नाही. आणि एकदा दोन सारख्या प्रती शेजारी बसल्या की पुढच्या वेळी जुळणी सरकण्याची शक्यता आणखी वाढते. दोनाचे तीन, तीनाचे पाच. पुंजका वाढतो तो असा, कुणी ठरवून ठेवल्याने नव्हे. उलटे बाण दिसतात ते एखादा तुकडा नंतर उलटा होऊन बसल्याने.

मिळालेली जादा प्रत लगेच फेकली जात नाही. तिच्यात बदल साठत जातात. कुणाची कळ बदलते आणि ती दुसऱ्या टंचाईला जागी होऊ लागते. कुणाचं विकर थोड्या वेगळ्या आम्लतेत चांगलं चालतं. आणि कुणी मरतं. पट्टीवरचं लिप-आय या बाबतीत फार बोलकं आहे. बीकेएम-एफ-१७६७ या प्रसिद्ध वाणात दोन प्रकारची केंद्रकं असतात, त्यामुळे प्रत्येक जनुकाच्या दोन आवृत्त्या. लिप-आयच्या एका आवृत्तीत पीसीई-१ नावाचा, १,७४७ बेस-जोड्यांचा, जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या जातीचा तुकडा घुसून बसला आहे. जनुकाच्या ऐन मध्यात. ती आवृत्ती त्यामुळे बंद पडली, आणि बंद पडलेल्या अवस्थेतच ती पुढच्या पिढीत मेंडेलच्या नियमाने उतरते. मॅडिसनच्याच गटाने १९९५ साली हे दाखवलं. तिने लिप-आयची चौकट अर्धीच रंगवली. सहकारी पुंजक्यातली एक पायरी मोडली तर सगळं काम अडायला हवं. इथे एक भावंड गेलं आणि बाकीच्यांचं काही अडलं नाही.

जे जुळत नव्हतं

इतकं झाल्यावर प्रकरण मिटलं असं मला वाटलं. तिला वाटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

त्या एका मीटरमध्ये लिप जनुकांखेरीज आणखी तीन चौकटी होत्या, ज्यांना तिने हिरवा रंग दिला होता: क्रो-३, क्रो-४ आणि क्रो-५. ही तांब्याच्या मदतीने चालणाऱ्या ऑक्सिडेज विकरांची जनुकं. या घराण्यातली विकरं साध्या अल्डिहाइड-अल्कोहोलांचं ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. लिग्निन पेरॉक्सिडेजला लागतं तेच पेरॉक्साइड. म्हणजे चुलीच्या शेजारी सरपण! तिच्या पहिल्या कल्पनेला आधार देणारा हा एकमेव पुरावा, आणि तो नेमका कल्पना सोडून दिल्यावर हाती आलेला.

मी तिला म्हणाले, "मग या घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं विकर कुठे बसलंय ते बघ." ग्लायॉक्सल ऑक्सिडेज या विकराचं जनुक लिप जनुकांच्या बरोबरीने उपासमारीत जागं होतं, आणि लिग्निन पेरॉक्सिडेजला पेरॉक्साइड पुरवणारं म्हणून त्याचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला आहे. ते या पट्टीवर नाही. जे खरोखर बरोबरीने काम करतं ते लांब आहे, आणि जे शेजारी आहेत त्यांच्या अंगावर ग्लायॉक्सल ऑक्सिडेजमध्ये नसलेले जादा तुकडे लटकलेले आहेत. प्रबंधात तिने या हिरव्या चौकटींसाठी एकच वाक्य लिहिलं: 'येथे शेजार आढळतो, त्यावरून सहकार गृहीत धरलेला नाही.' एखाद्या मोठ्या निबंधात हे वाक्य भेटलं असतं तरी मी थांबून पुन्हा वाचलं असतं.

बाकी जनुकांकडे तिने भरभर नजर टाकली. या बुरशीत काटेकोर अर्थाने लॅकेज (तांब्यावर चालणारं आणखी एक ऑक्सिडीकरणाचं विकर) नाही, त्याची लांबची भावंडं, चार मल्टिकॉपर ऑक्सिडेज, २५ हजार बेस-जोड्यांच्या आत एका रांगेत. सायटोक्रोम पी-४५० या ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांच्या मोठ्या घराण्याची सुमारे दीडशे जनुकं, त्यातली बरीच गटागटाने. चित्र तेच, प्रतींचे पुंजके.

तुलनेची एक गोष्ट मात्र तिने घरून आणली. तिची मावशी मुळशीकडे भाताच्या पेंढ्यावर ढिंगरी आळिंबी घेते. ढिंगरीही पांढरी कूज करणारी बुरशी, पेंढ्यातलं लिग्निन काढून टाकणारी. पण तिच्या जीनोममध्ये लिग्निन पेरॉक्सिडेज मुळीच नाही. तिच्याकडे नऊ पेरॉक्सिडेज आहेत ती मँगनीज आणि बहुगुणी प्रकारची, आणि फॅनरोकीटमध्ये नसलेलं लॅकेज तिच्याकडे चांगलं डझनभर. त्यातली बरीचशी सहाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ गर्दी करून बसलेली. गुणसूत्रांच्या टोकांशी अशी सरकती जुळणी आणि प्रतींची वाढ पुष्कळ जीवांत दिसते. काम एकच, दोन बुरश्यांनी वेगळी हत्यारं वाढवली, पण वाढवण्याची तऱ्हा एकच: प्रतीशेजारी प्रत.

आणि वाढलेलं घटतंही. तपकिरी कूज करणारी पोस्टिया प्लासेंटा, जिचा जीनोम २००९ साली आला, ती लिग्निन बहुतांशी मागे ठेवते आणि सेल्युलोज खाऊन जाते. लाकडाचे तपकिरी चौकोनी तुकडे पडतात. तिच्यात लिग्निन पेरॉक्सिडेज एकही उरलेलं नाही. २०१२ साली ३१ बुरश्यांच्या जीनोमांची तुलना झाली तेव्हा दिसलं की या सगळ्यांचा एक दूरचा पूर्वज पांढरी कूज करणारा होता. काही शाखांत ही जनुकं वाढत गेली, तर तपकिरी कूज करणाऱ्या शाखांनी ती पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे गमावली. सरकत्या जुळणीत एकाला दोन मिळतात तेव्हा दुसऱ्याला शून्य मिळतं, हे इथे ध्यानात घ्यावं.

तोंडी परीक्षा

बहिःस्थ परीक्षक सर उद्योगात काम केलेले होते. त्यांनी थेट विचारलं, "समजा मला रंगकामाच्या सांडपाण्यासाठी यातलं एक विकर हवंय. तुमच्या या पट्टीचा मला उपयोग काय?"

ती म्हणाली, "सर, पट्टीवरून तुम्ही विकर निवडू नका. पट्टीवर जवळ आहेत म्हणून आठही सारखी समजू नका, आणि पट्टीवर नाही म्हणून लिप-डी सोडू नका. तुमच्या सांडपाण्यासारख्या परिस्थितीत कुठलं जनुक वाचलं जातं ते मोजा. हा अख्खा मीटर कापून टाकला तरी बुरशीकडे दोन लिग्निन पेरॉक्सिडेज उरतात."

"मग पट्टी सांगते काय?"

"ही जनुकं कुणाची भावंडं आहेत ते."

सरांनी उठून पट्टीजवळ जाऊन लिप-आयची अर्धी रंगवलेली चौकट पाहिली, तिथे बोट ठेवलं आणि पुढचा प्रश्न इंट्रॉनवर विचारला. तो तिला सोपा गेला, तीन आठवडे तिने तेच केलं होतं.

पट्टी अजून भिंतीवर आहे. मामांनी तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक लावलं, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते म्हणून. नवी तुकडी आली की मी त्यांना आधी बाण वाचायला लावते, मग चौकटींतली नावं. त्यानंतर पट्टीपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या बाजूला, तिने चिकटवलेले कागदाचे दोन सुटे तुकडे दाखवते. त्यावर लिप-डी आणि लिप-एफ असं लिहिलेलं आहे, आणि त्या दोघांना पट्टीशी जोडणारी रेघ तिने मुद्दाम काढलेली नाही.